व्हिस्की कशाची, हे बाटलीवर लिहा

उसाची मळी आंबवून तिची दारू काढली की जगभर तिला रम म्हणतात. आपल्याकडे त्याच मळीपासून रम होते, व्हिस्की होते, ब्रँडी आणि व्होडकाही होते. साखर कारखान्याला लागून असलेल्या आसवनीत मळीमध्ये पाणी आणि यीस्ट घालून ती आंबवतात, उंच स्तंभांतून तिचे पुन्हापुन्हा ऊर्ध्वपातन करतात आणि शेवटी सुमारे ९६ टक्के तीव्रतेचा, रंग-वास-चव काहीच नसलेला मद्यार्क हाती येतो. धंद्यात त्याला ईएनए म्हणतात, म्हणजे एक्स्ट्रा न्यूट्रल अल्कोहोल. पाणी घालून त्याची तीव्रता ४२.८ टक्क्यांवर आणायची, थोडी माल्ट व्हिस्की मिसळायची, कॅरमलचा रंग द्यायचा, हवे तर चवीचे अर्क टाकायचे. दुकानात स्वस्त आणि मध्यम किमतीला मिळणाऱ्या भारतीय व्हिस्कीचा बराच मोठा हिस्सा असा तयार होतो. काही कंपन्या मळीऐवजी तांदळाचा किंवा मक्याचा मद्यार्क वापरतात. यात बेकायदा काही नाही. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाचे मद्यांविषयीचे जे नियम एप्रिल २०१९ पासून लागू आहेत, ते शेतमालापासून काढलेल्या तटस्थ मद्यार्काच्या पेयालाही व्हिस्की म्हणू देतात. माझा आक्षेप आहे तो बाटलीवरच्या मौनाला. आकारमानाने पाहिले तर जगात सर्वाधिक व्हिस्की आपल्या देशात विकली जाते, आणि ती विकत घेणाऱ्या बहुतेकांना आपण धान्याचे पेय घेतो आहोत की उसाचे, ते लाकडात मुरले आहे की नाही, त्याचा रंग कुठून आला, यातले काहीही कळायची सोय नाही. ही सोय कायद्याने करायला हवी.

हा तपशील एवढा महत्त्वाचा का, हे समजायचे तर मद्याला चव कशी येते ते पाहावे लागेल. स्कॉटलंडच्या माल्ट व्हिस्कीची सुरुवात बार्लीपासून, म्हणजे आपल्या सातूपासून होते. सातू भिजवून त्याला मोड आणतात. मोड येताना दाण्यात अशी विकरे तयार होतात की ती पिठूळ भागाची साखर करू शकतात. नाचणीला मोड आणून सत्त्व करणाऱ्या घरांना हा गोडवा ओळखीचा आहे. मोड योग्य वेळी थांबवायचे म्हणून दाणे वाळवतात. स्कॉटलंडच्याच आयला बेटावर हे वाळवण परंपरेने पीटच्या धुरावर होते. पीट म्हणजे दलदलीत शतकानुशतके साचून दबलेली वनस्पती; तिच्या धुरातली फिनॉल दाण्याच्या सालीला चिकटतात आणि तिथल्या व्हिस्कीला दवाखान्याची आठवण करून देणारा तो धुरकट वास बाटलीपर्यंत सोबत करतो. मग दळलेले माल्ट गरम पाण्यात कालवून गोड पाणी काढतात, ते आंबवतात आणि सुमारे ८ टक्क्यांचे, बिअरसारखे द्रव तयार होते. ते तांब्याच्या मोठ्या भांड्यांत दोनदा उकळून त्याची वाफ थंड करतात. तांबे इथे शोभेला नसते; गंधकाची उग्र संयुगे ते धरून ठेवते. दुसऱ्या भट्टीत सुरुवातीचा उग्र भाग आणि शेवटचा जड भाग बाजूला काढून मधला तेवढा घेतात. कुठे तोडायचे हा कारागिराचा निर्णय असतो आणि चवीचा मोठा भाग त्या निर्णयावर ठरतो. हाती येणारा अर्क सुमारे ७० टक्क्यांचा असतो. उरलेल्या भागात पाणी तर असतेच, पण त्याच्याबरोबर अत्यल्प प्रमाणात शेकडो संयुगे असतात. फळांचा, गवताचा, बिस्किटाचा, तेलकटपणाचा भास देणारी ही संयुगे म्हणजेच धान्याची आणि यीस्टची खूण.

ही खूण किती टिकवायची याला कायद्याने आकडा दिला आहे. युरोपीय संघाच्या नियमानुसार व्हिस्की धान्यापासूनच करावी लागते आणि ऊर्ध्वपातन ९४.८ टक्क्यांच्या खालीच थांबवावे लागते. कारणही नियमातच आहे: कच्च्या मालाचा वास आणि चव अर्कात उतरली पाहिजे. अमेरिकेतल्या बर्बनला मर्यादा आणखी कडक, ८० टक्क्यांची. त्यात किमान ५१ टक्के मका हवा, आणि अर्क आतून जाळलेल्या कोऱ्या ओक पिंपातच ठेवायला हवा. स्कॉचला तीन वर्षे, ७०० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या ओकच्या पिंपात मुरणे सक्तीचे आहे; पाणी आणि साधा कॅरमल रंग सोडून तिच्यात काही घालता येत नाही.

पिंपाचे काम साठवणीपुरते असते असे वाटत असेल तर लाकडात काय घडते ते पाहावे. ओक आतून भाजला किंवा जाळला की त्यातल्या लिग्निनपासून व्हॅनिलिन सुटते. व्हॅनिलाच्या शेंगेला वास देणारा रेणू तोच. भाजलेल्या ओकमध्ये युजेनॉल असते, लवंगेचा वास ज्याच्यामुळे असतो ते. अमेरिकी ओकमध्ये भरपूर असणाऱ्या एका लॅक्टोनमुळे व्हिस्कीला ओल्या नारळासारखा वास येतो, आणि रसायनशास्त्रात त्या संयुगाला व्हिस्की लॅक्टोन असेच नाव पडले आहे. जळलेला कोळसा उग्र संयुगे शोषून घेतो, लाकडाच्या छिद्रांतून हवा आत झिरपते, अर्कातली आम्ले आणि मद्यार्क एकमेकांशी संयोग पावून फळांच्या वासाची एस्टर तयार होतात. उन्हाळ्यात अर्क फुगून लाकडात शिरतो, थंडीत आकसून बाहेर येतो. पिंपातल्या व्हिस्कीचा सोनेरी-तांबूस रंग या येरझाऱ्यांतून आलेला असतो. बर्बनला कोरे पिंप लागते, म्हणून एकदा वापरलेली अमेरिकी पिंपे स्कॉटलंडला आणि आपल्या बंगळुरू-गोव्यातल्या माल्ट आसवन्यांना जातात. दुसऱ्या वापरात लाकूड जरा सौम्य बोलते आणि धान्याला वाव मिळतो.

रेड वाइनमध्ये तर चव आणि कृती यांचे नाते डोळ्यांनी दिसते. काळ्या द्राक्षाचा गर बहुतेक जातींमध्ये पांढराच असतो. रंग सालीत असतो. म्हणून काळी द्राक्षे हलके दाबून रस लगेच वेगळा केला तर त्यांची पांढरी वाइन होते, आणि शॅम्पेनमध्ये हे सर्रास करतात. काही तास साल रसात राहू दिली तर गुलाबी, आणि कित्येक दिवस ते काही आठवडे साल-बियांसकट आंबवले तर लाल. आंबताना सुटणारा वायू साली वर ढकलतो, त्यांचा जाड थर तरंगतो आणि तो कोरडा पडून खराब होऊ नये म्हणून कामगार तो दिवसातून अनेकदा खाली दाबतात किंवा तळचा रस पंपाने वरून फिरवतात. तापमान २५ ते ३० अंशांच्या आसपास ठेवले तर रंग आणि तुरटपणा नीट उतरतो. तुरट या चवीला आपल्याकडे षड्रसांत मानाचे स्थान आहे. रेड वाइन जिभेला कोरड पाडते ती साली आणि बियांतल्या टॅनिनमुळे, आणि वर्षे गेली की हीच टॅनिन एकमेकांना जोडली जाऊन मऊ होत जातात. त्यानंतर जिवाणूंचे दुसरे किण्वन होते. त्यात कच्च्या सफरचंदासारखे मॅलिक आम्ल बदलून दह्या-ताकातले सौम्य लॅक्टिक आम्ल तयार होते. पुढे अनेक चांगल्या वाइन ओकमध्ये जातात; बोर्दोच्या पिंपात २२५ लिटर मावते. पण जातीची ओळख त्याआधीच द्राक्षात असते. कॅबर्ने सॉव्हिन्याँला ढोबळ्या मिरचीसारखा वास येतो कारण दोघांमध्ये पायराझीन गटातले एकच संयुग आहे, आणि द्राक्ष जसे पिकते, त्यावर ऊन पडते, तसे ते कमी होते. शिराझच्या काळ्या मिरीचे कोडे ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी २००८ साली उलगडले: तो वास रोटुंडोन नावाच्या रेणूचा, आणि खुद्द काळ्या मिरीतही तोच सापडला. चाचणीत सुमारे पाचातल्या एकाला तो वास येतच नाही असेही दिसले. समोरच्याला जे जाणवते ते आपल्याला जाणवत नसेल तर तो थापा मारतो असे लगेच समजू नये, एवढे तरी यातून शिकता येते.

महाराष्ट्रात हे सगळे नाशिक, दिंडोरी, नारायणगाव या पट्ट्यात घडते आहे, आणि ते फ्रान्सच्या नकलेने घडत नाही. युरोपात द्राक्षवेल हिवाळ्यात झोपते आणि काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते. दख्खनच्या पठारावर वेल झोपत नाही, म्हणून इथले बागायतदार वर्षात दोन छाटण्या घेतात: एप्रिलच्या सुमाराची खरड छाटणी आणि पावसाळा संपताना फळछाटणी. वाइनची द्राक्षे साधारण जानेवारी ते मार्चमध्ये, ऊन तापायच्या आत उतरवतात. उष्ण हवेत साखर लवकर भरते आणि आम्ल झपाट्याने घटते. ते तोलण्यासाठी टार्टारिक आम्ल घालणे ही उष्ण प्रदेशातल्या वाइनरींची मान्य पद्धत आहे. चिंचेला आंबटपणा देणारे आम्ल हेच. मला इथे लक्ष वेधायचे आहे ते एका गोष्टीकडे. नाशिकच्या चांगल्या वाइनच्या बाटलीवर द्राक्षाची जात, काढणीचे वर्ष आणि प्रदेश छापलेला असतो. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकनही आहे. म्हणजे याच राज्यात, याच उत्पादन शुल्क खात्याच्या देखरेखीखाली, एका मद्याचा ग्राहक बाटली वाचून काही शिकू शकतो. शेजारच्या फळीवरच्या व्हिस्कीवर मात्र मोठमोठी विशेषणे, राजेशाही चिन्हे आणि तीव्रतेचा आकडा असतो. ती उसाची की धान्याची, याचा शोध लागणे कठीण.

यावर धंद्यातल्या लोकांचे पहिले उत्तर असे की ९६ टक्क्यांपर्यंत शुद्ध केलेला मद्यार्क कशाचाही असो, तो सारखाच. मग मळी की मका हे सांगून ग्राहकाला काय मिळणार? रसायनशास्त्र म्हणून हे जवळजवळ खरे आहे, आणि मळीचा मद्यार्क अपायकारक किंवा हलका असतो असा जो समज पसरवला जातो तोही चुकीचा आहे. पण हा युक्तिवाद मान्य केला तर त्याचा पुढचा भागही मान्य करावा लागतो. मद्यार्क तटस्थ असेल तर त्या पेयात कच्च्या मालाची चव नाही. मग बाटलीतली चव आली कुठून? मिसळलेल्या माल्टमधून, रंगातून, अर्कातून. ते किती आणि कोणते, हाच तर प्रश्न आहे. या देशाने असा प्रश्न एकदा सोडवला आहे. वनस्पती तूप बाजारात आले तेव्हा ते विष नव्हते, स्वस्त होते आणि लाखो घरांना परवडत होते. तरीही ते साजूक तूप म्हणून विकू द्यायचे नाही यावर एकमत झाले. वनस्पतीला वेगळा रंग द्यावा अशी मागणी झाली, आणि साजुकात केलेली भेसळ चाचणीत उघडी पडावी म्हणून वनस्पतीत किमान पाच टक्के तिळाचे तेल घालण्याची सक्ती दीर्घकाळ होती. वनस्पती विकली गेली, खाल्ली गेली. तिचे नाव मात्र वेगळे राहिले. तुपाच्या डब्याबाबत जी काटेकोर वृत्ती आपण दाखवली ती व्हिस्कीच्या बाटलीबाबत का नको, याचे पटण्याजोगे उत्तर मला अजून मिळालेले नाही.

दुसरे उत्तर अधिक चतुर आहे. स्कॉचची मिश्र व्हिस्की तरी कुठे शुद्ध माल्टची असते, असे विचारले जाते. बरोबर आहे. तिच्यात मोठा वाटा गव्हाच्या किंवा मक्याच्या, स्तंभातून काढलेल्या हलक्या ग्रेन व्हिस्कीचा असतो, आणि रंगासाठी कॅरमलही चालते. पण हे तिथे भांडणाशिवाय ठरलेले नाही. एनियस कॉफीने १८३० च्या सुमारास सलग चालणारा स्तंभ पेटंट केल्यावर स्वस्त धान्यमद्याचा पूर आला आणि पुढे पाऊण शतक माल्टवाले व स्तंभवाले एकमेकांशी झगडत राहिले. १९०५ मध्ये लंडनच्या इस्लिंग्टन भागातल्या नगर परिषदेने दारू दुकानदारांवर खटले भरले: तुम्ही व्हिस्की म्हणून जे विकता ती व्हिस्कीच नाही, असे म्हणून. प्रकरण चिघळले, १९०८ मध्ये शाही आयोग नेमला गेला आणि १९०९ मध्ये त्याने स्तंभातल्या धान्यमद्यालाही व्हिस्की म्हणता येईल असा निर्वाळा दिला. माल्टवाले हरले. पण त्यानंतर १९१५ च्या कायद्याने मुरवण्याची किमान मुदत आली, ती लवकरच तीन वर्षांची झाली, आणि आज स्कॉचच्या बाटलीवर सिंगल माल्ट, सिंगल ग्रेन, ब्लेंडेड यांपैकी कोणता प्रकार आत आहे हे लिहावेच लागते. त्याच १९०९ सालच्या डिसेंबरात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांना याच प्रश्नावर निर्णय द्यावा लागला. धान्याचे मद्य ती व्हिस्की, आणि तटस्थ मद्यार्काची मिसळ असेल तर तसे लेबलवर स्पष्ट म्हणा, हा त्यांच्या निर्णयाचा गाभा होता. देशाचा प्रमुख एका शब्दाच्या अर्थासाठी वेळ काढतो हे आज विचित्र वाटेल, पण ग्राहकाच्या हक्कांचा इतिहास अशाच शब्दांच्या भांडणांतून घडला आहे. जर्मनीत तर कॅरमलचा रंग घातला असेल तर तेवढेही बाटलीवर सांगावे लागते.

तिसरा आक्षेप हवामानाचा आहे आणि तो मला खरोखर वजनदार वाटतो. भारतीय माल्ट उत्पादक म्हणतात की तीन वर्षांची अट थंड, ओलसर स्कॉटलंडसाठी घडवलेली आहे. ती इथे लादणे अन्यायाचे. आकडे त्यांच्या बाजूने आहेत. पिंपातून दर वर्षी जो भाग उडून जातो त्याला स्कॉटलंडमध्ये देवदूतांचा वाटा म्हणतात, आणि तो तिथे सुमारे २ टक्के धरतात. बंगळुरूमध्ये तो १० ते १२ टक्क्यांपर्यंत जातो. ११ टक्क्यांनी हिशेब केला तर पाच वर्षांत पिंपातले ४४ टक्के द्रव नाहीसे होते. स्कॉटलंडमध्ये बारा वर्षांनीही जेमतेम २२ टक्के जाते. उष्णतेने लाकूडही झपाट्याने चव सोडते, त्यामुळे इथली चार-पाच वर्षांची माल्ट चवीने तिथल्या बऱ्याच जुन्या माल्टच्या बरोबरीने उभी राहू शकते. बंगळुरूची अमृत २००४ मध्ये ग्लासगोत, स्कॉचच्या घरातच, सादर झाली आणि पुढे तिची ‘फ्यूजन’ व्हिस्कीचे समीक्षक जिम मरे यांच्या २०१० च्या ‘व्हिस्की बायबल’ या पुस्तकात जगात तिसरी ठरली. मोड आणलेला सातू, तांब्याची भांडी, ओकची पिंपे हे सगळे नियमाने करूनही आपल्याकडे उत्तम व्हिस्की होते, हे तिने आणि गोव्यातल्या पॉल जॉनने दाखवून दिले. म्हणूनच मी स्कॉटलंडचा आकडा इथे आणा असे म्हणत नाही. किती महिने मुरली ते खरे सांगा, एवढेच म्हणतो. १८ महिने असेल तर १८ लिहावे. उष्ण प्रदेशातले १८ महिने म्हणजे काय हे ग्राहक हळूहळू शिकेल. आज मात्र पाच वर्षे पिंप राखणारा, त्यात जवळपास अर्धा माल हवेत गमावणारा उत्पादक आणि काही दिवसांत टाकीत मिश्रण करणारा उत्पादक, दोघेही बाटलीवर व्हिस्की हाच शब्द वापरतात. प्रामाणिक मेहनतीची यापेक्षा मोठी हानी कोणती?

सर्वांत गंभीर हरकत व्यसनमुक्तीसाठी झटणाऱ्यांची असेल. दारूने घरे मोडतात तिथे चवीची आणि लेबलची चर्चा कसली करता, असे ते विचारतील. वर्धा आणि गडचिरोली आजही दारूबंदीत आहेत, चंद्रपूरने २०१५ ते २०२१ बंदी अनुभवली, आणि या जिल्ह्यांतल्या स्त्रियांच्या चळवळीमागचे दुःख खरे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले की मद्याची कोणतीही मात्रा आरोग्याला निर्धोक म्हणता येत नाही. हे मला मान्य आहे, आणि माझी मागणी त्याच्या विरोधात जात नाही. मद्याविषयी खोटे समज पसरतात ते माहिती नसते तेव्हा. रेड वाइन हृदयाला चांगली हा समज १९९१ मधल्या एका अमेरिकी दूरचित्रवाणी कार्यक्रमाने जगभर नेला. फ्रेंच लोक लोणी-चीज खाऊनही हृदयरोगाने कमी मरतात ते वाइनमुळे, अशी ती मांडणी होती, आणि नंतरच्या अभ्यासांपुढे ती टिकली नाही. महाराष्ट्रात २०२२ च्या जानेवारीत मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, त्यावर रान उठले आणि तो अमलात आला नाही. त्या वादात वाइन म्हणजे दारू नव्हेच, असे विधान जबाबदार मंडळींनी केले. साधे गणित करून पाहा. १३ टक्क्यांच्या ७५० मिलिलिटर वाइनच्या बाटलीत साडेसत्त्याण्णव मिलिलिटर शुद्ध मद्यार्क असतो, ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या क्वार्टरमध्ये, म्हणजे १८० मिलिलिटरमध्ये, ७७. एका बाटलीत किती मद्यार्क आहे हा आकडाही लेबलवर ठळक यावा, असे मी म्हणेन. व्यसनमुक्तीच्या कार्यकर्त्याला तो माझ्याइतकाच उपयोगी आहे. सगळी दारू सारखीच वाईट, तिच्याविषयी बोलूच नका, या भूमिकेचा फायदा मद्यपीलाही होत नाही आणि त्याच्या घरालाही नाही. होतो तो बाटलीत काय आहे हे न सांगता विकणाऱ्याला.

आपला कायदा या भूमिकेतच अडकला आहे. राज्यात मद्याचा व्यवहार चालतो तो १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाखाली; त्याच्या लेखी पिणारा हा परवानाधारक, आणि बाटली हे महसुलाचे साधन. बाटली विकत घेणारा माणूस इतर खाद्यवस्तू घेणाऱ्यासारखाच ग्राहक आहे आणि त्याला वस्तूची माहिती मिळायला हवी, हा विचार त्यात कुठेच डोकावत नाही. गंमत नव्हे, खेदाची बाब अशी की ही सगळी माहिती सरकारकडे आहे. आसवनीत आलेली मळी, निघालेला मद्यार्क, पिंपात भरलेला आणि बाहेर काढलेला प्रत्येक लिटर खात्याच्या नोंदवहीत असतो, कारण त्यावर कर ठरतो. कच्च्या मालाला सरकार महत्त्व देते याचा पुरावाही ताजा आहे. २०२५ च्या जूनमध्ये राज्याने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचे शुल्क वाढवले तेव्हा महाराष्ट्र मेड लिकर नावाचा नवा वर्ग आणला आणि तो धान्याधारितच असेल असे ठरवले. एका वर्गासाठी धान्य ही अट होऊ शकते, तर बाकीच्या बाटल्यांवर धान्य की मळी एवढा एक शब्द छापायला काय अडचण आहे?

ऊस उत्पादकांचे काय, हा प्रश्न आपल्या राज्यात टाळता येणार नाही. मळीच्या व्हिस्कीचे नाव बदलले तर कारखान्याच्या मळीला भाव कमी मिळेल आणि फटका शेवटी शेतकऱ्याला बसेल, अशी भीती घातली जाईल. पण मळीला आता दुसरे मोठे गिऱ्हाईक आहे: पेट्रोलमध्ये मिसळायचे इथेनॉल. देशाने २०२५ मध्ये २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट गाठले. शिवाय मळीला स्वतःची चव आहे आणि त्या चवीला जगात मान आहे. कॅरिबियन बेटांनी मळीच्या रमवर आपली ओळख उभी केली. आपल्याकडे १९५४ पासून मिळणाऱ्या ओल्ड मंकने रम म्हणूनच पिढ्यान्‌पिढ्या ग्राहक राखला, तिला व्हिस्कीचे नाव घ्यावे लागले नाही. कोल्हापूर-सांगलीच्या उसाची, तांब्याच्या भांड्यात बेताने गाळलेली, पिंपात मुरलेली रम का होऊ नये? गूळ आंबवून तर आणखी वेगळी चव मिळेल. शेजारी गोव्याकडे पाहा. काजूच्या बोंडांचा रस आंबवून भाटीत गाळलेली फेणी आपले नाव सांगायला कधी लाजली नाही. २००९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले, आणि ती काजूची की माडाची हे तिथला कुणीही विचारतो आणि विकणारा सांगतो. उसाला असे स्वतःचे नाव देण्याऐवजी त्याला स्कॉटलंडचा मुखवटा घालत राहणे, यात शेतकऱ्याचा सन्मान कुठे आहे?

प्रत्यक्षात करायचे म्हणाल तर ते फार अवघड नाही. युरोपीय संघाने ८ डिसेंबर २०२३ नंतर तयार होणाऱ्या वाइनवर घटकपदार्थ आणि पोषणमूल्ये देण्याची सक्ती केली, आणि जागा कमी पडते ही तक्रार लक्षात घेऊन घटकांची यादी क्यूआर कोडमागे ठेवायला परवानगी दिली. वाइनसारख्या परंपराप्रिय धंद्याने ते स्वीकारले. आपल्याकडे व्हिस्कीच्या बाटलीवर मद्यार्क कशापासून काढला, त्यात पिंपात मुरलेल्या माल्टचा वाटा किती आणि ती किती महिने मुरली, रंग आणि अर्क घातले का, इतके आले तरी मोठे पाऊल पडेल. बाकीचे क्यूआर कोडमागे राहू द्या. मूळ व्याख्या बदलायचे काम अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, म्हणजे दिल्लीतले. पण राज्यात विकायच्या प्रत्येक ब्रँडच्या लेबलला उत्पादन शुल्क खात्याची मंजुरी लागते, आणि ती देताना खात्याच्या नोंदवहीत जे आहे तेच लेबलवर मागायला सुरुवात मुंबईतूनही होऊ शकते. वेळही फार नाही. २४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनशी झालेल्या व्यापार करारानुसार स्कॉचवरचे आयात शुल्क १५० टक्क्यांवरून आधी ७५ वर आणि दहाव्या वर्षी ४० वर यायचे आहे. स्कॉच आणि देशी व्हिस्की यांच्या किमतींतले अंतर घटत जाईल तसा ग्राहक दोन बाटल्या शेजारी धरून वाचू लागेल. एकीवर धान्य, प्रकार आणि बहुधा वर्षेही असतील. दुसरीवर तेव्हा काय लिहिलेले असेल, हे ठरवायला सरकार आणि कारखानदार यांच्या हाती तेवढीच दहा वर्षे आहेत.